सातव्या महिन्याची टिकिया

परवा नांदेडला लेकीकडे गेले होते. तिला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बाळ झालं आहे. आता त्याला सातवा महिना लागलाय. मी हातपाय धुऊन आत आले, तर बाळ उंच खुर्चीत बसलेलं आणि त्याच्या मुठीत बर्गर. मी ओरडलेच. माझा आवाज एरवी घरातल्या घरातही कुणाला ऐकू जात नाही, पण त्या दिवशी शेजारची बाई दार उघडून बघायला आली.

"अगं, पोराच्या नरड्यात अडकंल ते!"

"आई, आधी बघ तरी," लेक हसली. "घरी केलाय. गाजर, बटाटा, भोपळा, मुगाची डाळ. मीठसुद्धा नाही त्यात. मोबाईलवर बघून शिकले."

तिने एक माझ्या तळहातावर ठेवला. बाजारचा पाव नव्हताच. वर-खाली मऊ धिरड्याचे दोन गोल तुकडे आणि मधे एक चपटी टिकिया. मी ती बाहेर काढली आणि दोन बोटांत दाबली. ती पिचली. मग मला खालीच बसावं लागलं.

ही टिकिया मी केलेली आहे. याच लेकीसाठी, ती एवढी होती तेव्हा. तिला मी कधी सांगितलं नाही, आणि ती मला पाणी आणून देत विचारत होती, "आई, चक्कर आली का?" मी म्हणाले, उन्हाने.

चौथीनंतर शाळा सुटली. तरी लातूरला घरी आल्यावर ही वही काढली. बोलायला जमत नाही, लिहून तरी ठेवावं.

लातूर नवा जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. हे नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि आम्ही खेड्यातून शहरात आलो. दोन खोल्या. आम्ही दोघं, सासूबाई आणि आमची तान्ही लेक. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. कचेरीत जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले कागद गठ्ठ्याने पडून होते. ते नाव शाईने खोडून वर लातूर लिहायचं काम यांच्याकडे होतं. संध्याकाळी घरी येत तेव्हा बोटं निळी असत आणि ती धुवायला पाणी मागायची चोरी. दुष्काळ होता. नळ नावाला. दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, आणि तोवर घरातलं पाणी वाटीने मोजून वापरायचं.

टँकरच्या रांगेत आत्याबाईच जायच्या. मी गेले नाही. इतक्या बायकांत उभं राहायचं, कुणी घागर पुढे सरकवली तर "माझा नंबर आहे" म्हणायचं, हे मला होण्यासारखं नव्हतं. मी दाराआड उभी राहून ऐकायची. टँकरवाला सगळ्या बायकांना अक्का म्हणायचा. "अक्का, सरका. अक्का, पाइप ओढू नका, फाटंल." ते ऐकून मला बरं वाटायचं. माझं माहेर देगलूरकडचं. माझा भाऊ मला अक्काच म्हणतो. लातुरात मला कुणी अक्का म्हणणारं नव्हतं. हा नक्की आमच्या भागातला, असं मी मनाशी धरून ठेवलं होतं. त्याला विचारायचं तर प्रश्नच नव्हता.

लेकीला सहा महिने पुरे झाले आणि सातवा लागला. माझं दूध कमी पडू लागलं होतं. वरचं म्हशीचं दूध मिळायचं तेही पाणीदार. समोरच्या खोलीत एक सिस्टरबाई राहत. दवाखान्याचा वजनाचा लोंबता काटा त्यांच्याकडे असे. त्यांनी लेकीला झोळीत घालून काट्याला टांगलं. मागच्या महिन्यात जिथे खूण केली होती तिथपर्यंतसुद्धा काटा पोचला नाही. मी बघतच राहिले. पोर वाढते, एवढंच मला माहीत होतं. मागेही जाते हे माहीत नव्हतं.

"हिला आता नुसतं दूध पुरणार नाही," सिस्टरबाई म्हणाल्या. "अन्न द्या. आजपासून."

"उष्टावण व्हायचंय तिचं," आत्याबाई म्हणाल्या.

आमच्यात बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला घास मामाने घालायचा असतो. मुलगा असेल तर सम महिन्यात, मुलगी असेल तर विषम महिन्यात. पाचव्यात माझा एकुलता एक भाऊ आला नव्हता. त्याच्याकडे तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. सातव्यात येतो म्हणून त्याचं कार्ड आलं होतं.

"आणि सातव्यातही नाही आला तर?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"तर नवव्यात. नववा काय पळून चाललाय?"

"नवव्यापर्यंत पोर थांबंल का, ते ह्या काट्याला विचारा मावशी."

आत्याबाईंनी लेकीला झोळीतून उचललं आणि सरळ घरी आल्या. आल्यावर मला म्हणाल्या, "मामाच्या हातचा घास पडल्याबिगर अन्न अंगी लागत न्हाई. तिला सुया टोचायचं कळतं, हे न्हाई कळत."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई देवळात गेल्यावर सिस्टरबाईंनी मला बोलावलं आणि स्टोव्हपुढे बसवलं. गाजर, लाल भोपळा, बटाटा. भात शिजत होता त्यावर चाळणी ठेवून वाफेवर उकडलं, म्हणजे वेगळं पाणी नको. भिजवलेली मुगाची डाळ वाटून शिजवून घेतली. सगळं हाताने कुस्करून, मूठभर ज्वारीचं पीठ भाजून त्यात घातलं. मग बंद्या रुपयापेक्षा थोडी मोठी चपटी टिकिया थापून तव्यावर थेंबभर तेलात दोन्हीकडून शेकली.

"मीठ?" मी विचारलं.

"नाही. मिरचीबी नाही. आता दोन बोटांत दाबा. पिचली का? अशी पिचली तर बाळाला दात लागत नाहीत. आणि बसती करून द्यायची, निजवून नाही. तिच्या हातात द्या, तीच खाईल. उबळ आली तर घाबरून तोंडात बोट घालू नका. बघत राहा. ती आपणच बाहेर ढकलते."

मी मान हलवली. पण चोरून द्यायला माझा हात होईना. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मामाच्या हाताशिवाय दिलं आणि पोरीला काही झालं, तर मी कुणाकडे बघायचं? म्हणून मी रोज टिकिया करायची आणि द्यायची नाही. आत्याबाईंनी विचारलं, तर यांच्या डब्यासाठी आहेत म्हणून सांगायची. हे बिचारे रोज नेत. एक दिवस म्हणाले, "कचेरीत समदे विचारून राहिले, घरात कोन आजारी हाय म्हनून. ना मीठ, ना मिरची. साहेबाच्या डायवरानं तर मला मोसंबी दिली."

आत्याबाई हसल्या नाहीत. टिकियांच्या ताटलीकडे बघत राहिल्या.

सातवा सरत आला. भावाचं कार्ड आलं. तलावावर आठवडाभर सुट्टी घेतली तर नाव कमी करतात, आणि भाचीला रिकाम्या हाताने कसं भेटू, थोडं थांब अक्का, असं लिहिलं होतं. मी कार्ड दोनदा वाचलं. मग आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी बोटांची पेरं मोजली.

"उद्या सातव्याचा शेवटचा दिस. मग नवव्यातच."

त्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी मी दोन टिकिया पदराच्या टोकाला बांधल्या होत्या. का, ते मला सांगता येणार नाही. डब्यातून उरल्या होत्या आणि टाकवत नव्हत्या. लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. ती रडायची थांबली म्हणून खाली बघितलं, तर तिने पदराचं टोक दोन्ही हातांनी धरून तोंडात घातलं होतं. लुगड्याच्या कापडातून ती टिकिया चोखत होती. डोळे मिटलेले. मी पदर ओढला, तर तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रडली नाही. नुसती बघत राहिली. मी रोज या पोरीसमोर अन्न शिजवत होते आणि दुसऱ्याच्या डब्यात भरत होते.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. आत्याबाई घागरी घेऊन कधीच पुढे गेल्या होत्या.

मी लेकीला कडेवर घेऊन बाहेर पडले. डोक्यावरचा पदरही नीट घेतला नव्हता. बायका, घागरी, डबे, जागा धरायला ठेवलेले दगड, यांच्या मधून मी सरळ टँकरपर्यंत गेले. टँकरवाला गळ्यात पंचा टाकून पाइप धरून उभा होता.

"दादा," मी म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नाही.

"ओ दादा!"

हे फारच मोठ्याने झालं. सगळी रांग गप झाली.

"अगं बया," कुणीतरी म्हणालं, "ही तर बोलती!"

"मला वाटलं मुकी हाय."

मला परत फिरावंसं वाटलं. पण आता मागे जायचं म्हणजे पुन्हा त्या सगळ्यांमधूनच जायचं होतं.

"तुम्ही देगलूरकडचे ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग लेकीकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी. मला वाटलं, रांगेवर लक्ष ठेवतोय.

"हाव अक्का," तो म्हणाला. "देगलूरचाच की मी."

"मग तुम्ही माझ्या माहेरचे. माझे भाऊ. हिचे मामा." मी लेकीला कडेवर वर सरकवलं. "हिचं उष्टावण आजच झालं पाहिजे. उद्या आठवा लागतो. हिला घास भरवा."

मी पदराची गाठ सोडली आणि टिकिया पुढे केली. एवढा मोठा माणूस, तोही दचकला. स्वतःच्या हातांकडे बघू लागला. डिझेलने काळे झालेले.

"अक्का, हात धुवावे लागतील. आणि हात धुतले तर ह्या बायका मला जित्ता सोडतील का?"

रांगेतल्या एका म्हातारीने आपला पत्र्याचा डबा त्याच्या हाताखाली सरकवला. "धू रं बाबा. ते पानी माझं. फरशी पुसायला व्हईल."

त्याने पाइप जवळच्या घागरीत सोडला आणि हात धुतले. पंच्याला पुसले. टिकियेचा कण तोडून लेकीच्या तोंडापुढे धरला. लेकीने त्या कणाकडे बघितलंही नाही. त्याच्या दुसऱ्या हातातली उरलेली अख्खी टिकिया तिने ओढून घेतली आणि दोन्ही मुठींनी तोंडात कोंबली.

"आगं आगं आगं!" तो ओरडला.

पोरीने हिरड्यांनी तुकडा पाडला. मग तिला उबळ आली. तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, जीभ बाहेर. चार हात पुढे आले. माझंही बोट तिच्या तोंडाकडे गेलं होतं. सिस्टरबाईंचं बोलणं आठवलं आणि मी ते बोट मुठीत आवळून धरलं. बघत राहा. ती आपणच बाहेर ढकलते. मी बघत राहिले. माझ्या आयुष्यात तेवढं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

तुकडा जिभेवरून बाहेर आला, हनुवटीवर पडला. लेकीने तो चाचपून शोधला, परत तोंडात घातला आणि गिळला. मग उरलेल्याला भिडली.

"पानी चाललं!" एकदम कुणीतरी किंचाळलं. "आगं पानी चाललं की गं!"

घागर केव्हाच भरून वाहत होती. सगळ्यांच्या पायांखाली चिखल झाला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता. दुष्काळात पाणी मातीत चाललेलं होतं. बायका पाइपावर तुटून पडल्या, एकमेकींना शिव्या देऊ लागल्या, डबे आदळले. त्या गोंधळात माझी पोर जेवत होती.

मग मागून आत्याबाईंचा आवाज आला. माझे डोळे आपोआप मिटले.

"का हो मामा," त्या टँकरवाल्याला म्हणाल्या. "भाचीला घास भरवला आन् हात हालवत उभे? मामाचा आहेर कुठं हाय?"

तो ओशाळला. मग पाइप उचलून त्याने आमच्या दोन्ही घागरी काठोकाठ भरल्या आणि आमचा नंबर नसताना कळशीपण भरली. "घ्या मावशी. मामाचा आहेर."

"असा मामा असंल तर मलाबी बहीन कर रं!" एकजण म्हणाली.

"माझी पाच लेकरं हायती, पाची भाचरं तुझी!"

"आन् माझी सासू उष्टावायची ऱ्हायली, तिलाबी भरव!"

घरी येताना आत्याबाई घागर डोक्यावर घेऊन पुढे चालत होत्या. मी इतक्या लोकांत ओरडले होते, परक्या पुरुषाला भाऊ म्हटलं होतं, हे मलाच खरं वाटत नव्हतं. रात्री यांना कुणीतरी वाटेत सांगितलं, तर हे आत येऊन माझ्याकडे असे बघू लागले, जशी मी नवीनच घरात आले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी गाजर किसायला घेतलं. "उकडल्यावर कुस्करतीस त्यात गाठी ऱ्हातात," म्हणाल्या. "आधी किसून घेत जा." त्यानंतर टिकिया त्याच करू लागल्या. भोपळा नसेल तेव्हा तांदुळजाची पानं चिरून घालायच्या. डब्यातल्या टिकिया बंद झाल्या आणि हे सुटले. महिन्याने सिस्टरबाईंनी लेकीला पुन्हा टांगलं, तेव्हा काटा खुणेच्या पुढे गेला. मी तो खाली येतो का म्हणून बराच वेळ बघत होते.

नववा लागला आणि भाऊ आला. हातात हिरवं झबलं आणि स्टीलची एक छोटी वाटी.

"या धाकटे मामा," आत्याबाई म्हणाल्या. "मोठ्या मामानं तुमच्या आधी उरकून घेतलं."

भावाचं तोंड उतरलं. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि मधेच वाटी उलटी-सुलटी करत म्हणाला, "मीच यायला पायजे होतं, अक्का." मी म्हणाले, "त्यानं तुझंच काम केलं रे. आपल्याकडचाच हाय." तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. मी लेकीला त्याच्या मांडीवर दिलं, त्यानेही नव्या वाटीतून तिला भरवलं. मग टँकरचा हॉर्न वाजला तसा गाववाल्याला भेटायला म्हणून उठून गेला.

थोड्या वेळाने परत आला तो दारातच उभा राहिला.

"अक्का, त्यो देगलूरचा न्हाई."

"म्हणजे?"

"उदगीरच्या पलीकडचा हाय. मी विचारलं, देगलुरात कोन्या गल्लीत ऱ्हाता, तर हसाय लागला. देगलूर त्यानं डोळ्यांनी बघितलंबी न्हाई. तिकडंबी अक्काच म्हनतात, म्हनला."

मी स्टोव्हपुढे उभी होते. हातात उलथणं होतं. म्हणजे तो मामा नव्हताच. म्हणजे महिनाभर पोर जेवत होती ती कुणाच्या हातच्या घासावर? मी घाबरून आत्याबाईंकडे बघितलं. त्या खाली बसून पुढची टिकिया थापत होत्या. हात थांबला नव्हता.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पयल्यापासून. वर्षभर त्याच्या रांगेत उभी हाय मी. त्याचं गाव, त्याची माय, त्याची गाभण म्हैस, समदं ठावं हाय."

"मग त्या दिवशी तो हो का म्हणाला?"

"तू विचारलंस तवा त्यो तुझ्या मागं माझ्याकडं बघून राहिला व्हता. मी मान हालवली."

मी भावाकडे बघितलं. लेक त्यानं आणलेलं नवं झबलं चावत बसली होती.

"तुम्हालाच तिला द्यायचं होतं, तर आधीच का नाही म्हणालात?" एवढं मी शेवटी विचारलं. त्यांना उलटून विचारलेला तो माझा पहिला प्रश्न.

"माझ्या तोंडानं कसं म्हनू? माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं. मला वाटलं तू चोरून देशील. रोज ताटली मोजायची मी, एक तरी कमी व्हती का म्हनून. येक दिस कमी झाली न्हाई." त्यांनी टिकिया माझ्या हातावर ठेवली. "आता बघत काय उभी ऱ्हायलीस? तव्यावरची पलट. करपून राहिली ती."